प्रवाळाच्या टाकीतील राखणदार



ओहोटीच्या वेळी पेडणे महालातील हरमलच्या किंवा केरीच्या खडकांतून हिंडण्याचा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांना आला असेल. समुद्र मागे सरला म्हणजे खडकांच्या खळग्यांत थोडे पाणी साचून राहते. त्या पाण्यात निरखून पाहिले, तर कधी कधी एखादे लहानसे फूल उमललेले दिसते. मध्ये तोंड आणि सभोवार नाजूक पाकळ्या. बोट लावले की ते तत्काळ मिटते, आणि बोटाला काहीतरी चिकटल्यासारखे वाटते. हे फूल म्हणजे वनस्पती नव्हे. तो एक मांसाहारी प्राणी आहे, आणि त्याच्या पाकळ्या म्हणजे भक्ष्य पकडण्याचे हात आहेत. त्याला आपण समुद्रपुष्प म्हणतो. पोवळी तयार करणारा प्रवाळ हा त्याचाच चुलतभाऊ होय.

आज मला सांगावयाचे आहे ते अशाच एका उपद्रवी समुद्रपुष्पाविषयी आणि त्याला खाऊन जगणाऱ्या एका इवल्याशा समुद्री गोगलगाईविषयी. विषय प्रथमदर्शनी हौशी मंडळींचा वाटेल. परंतु त्यातून निघणारा धडा माडाच्या बागाइतदारालाही उपयोगी पडेल असा आहे.

काचेच्या टाकीत मासे पाळण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय पाहून समुद्रातील मासे प्रथमच जिवंत पाहिले, असे सांगणारे वडीलधारे लोक आजही भेटतात. पुढे पंप, दिवे आणि पाणी शुद्ध करण्याची साधने सुधारली, तेव्हा हौशी लोक माशांवर थांबले नाहीत. त्यांनी जिवंत प्रवाळ टाकीत वाढविण्यास आरंभ केला. ही टाकी म्हणजे समुद्राच्या तळावरील बागेचा एक तुकडाच. तिच्यात खडक असतो, खडकावर प्रवाळ असतो, आणि त्यांच्या आधाराने राहणारे शेकडो सूक्ष्म जीव असतात. अशी बाग लावणे खर्चाचे आणि त्याहूनही अधिक धीराचे काम आहे. प्रवाळ बोटभर वाढावयाला कित्येक महिने जातात.

अशा बागेत एक तण उगवते. त्याचे नाव ऐप्टेशिया. तपकिरी, काचेसारखे अर्धपारदर्शक, लांबट हातांचे हे समुद्रपुष्प खडकाच्या एखाद्या चिरेत लपून किंवा प्रवाळाच्या बुडाशी चिकटून टाकीत प्रवेश करते. पहिल्या दिवशी ते तांदळाच्या दाण्याएवढे असते आणि मालकाला त्याचे कौतुकच वाटते. सहा महिन्यांनी त्याच टाकीत त्याची शंभर भावंडे झालेली असतात.

हे इतक्या झपाट्याने कसे होते? ऐप्टेशिया सरकत चालते, तेव्हा तिच्या तळव्याचे बारीक तुकडे मागे खडकावर राहतात. प्रत्येक तुकड्याला काही दिवसांत तोंड फुटते, हात फुटतात आणि नवे समुद्रपुष्प तयार होते. त्याला नर-मादीची गरज नाही, बीजाची गरज नाही. म्हणूनच चिमट्याने ओरबाडून ते काढू पाहणारा मनुष्य वस्तुतः त्याची लागवडच करीत असतो. हरळी कुदळीने तोडली की तिची जशी अधिक पेरे रुजतात, तसाच हा प्रकार.

आता ते वाढले तर बिघडले कोठे? बिघडते ते असे. प्रत्येक समुद्रपुष्पाच्या हातांवर हजारो दंशकोशिका असतात. प्रत्येक कोशिकेत स्प्रिंगेसारखी गुंडाळलेली एक पोकळ विषारी दोरी असते आणि स्पर्श होताच ती बाहेर उसळते. शेजारच्या प्रवाळाला हे डंख वारंवार बसू लागले की तो अंग आखडून घेतो, त्याचा मांसल भाग झडतो आणि शेवटी केवळ पांढरा सांगाडा उरतो. वर्षानुवर्षे जोपासलेली बाग काही महिन्यांत ओसाड होते.

याच्यावर उपाय काय? पहिला उपाय आपल्या घरातलाच आहे. विड्याच्या पानाला लावतात त्या चुन्याची दाट खळ पिचकारीत भरून समुद्रपुष्पाच्या तोंडात सोडतात. चुन्याच्या तीव्र दाहक गुणाने ते जळून जाते. चार-पाच समुद्रपुष्पे असतील, तर हा उपाय उत्तम. परंतु शंभर असतील, त्यांतील निम्मी खडकाच्या पोटात दडलेली असतील, तर पिचकारी तेथवर पोहोचत नाही. आणि चुना फार झाला तर टाकीतील पाण्याचा समतोलच ढळतो. दुसरा उपाय म्हणजे समुद्रपुष्पे खाणारे मासे आणि कोळंबी टाकीत सोडणे. लांब चोचीचा फुलपाखरू-मासा ऐप्टेशिया खातो, काही जातींची कोळंबीही खाते. मात्र त्यांना इतर पुष्कळ गोष्टीही आवडतात. आज ऐप्टेशिया खाणारा मासा उद्या शोभेच्या शिंपल्यावर चोच मारील, किंवा मालकाने टाकलेले आयते अन्न मिळाले तर ऐप्टेशियाकडे ढुंकूनही पाहणार नाही. राखणदार आहे, पण त्याच्या इमानाची खात्री नाही.

येथे आपली गोगलगाय पुढे येते. तिच्या पाठीवर शंख नाही. लांबी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. रंग फिकट, आणि पाठीवर दोन्ही बाजूंना बोटांसारख्या मऊ उपांगांच्या रांगा, जणू साळूच्या काट्यांना कोणी मखमल लावली आहे. तिचे शास्त्रीय नाव बर्गिया स्टेफनी. बर्गिया हे प्रजातीचे नाव रुडॉल्फ बर्ग या डॅनिश वैद्याच्या सन्मानार्थ १८७७ साली ठेवण्यात आले. या गृहस्थाने आपले आयुष्य समुद्री गोगलगाईंच्या अभ्यासात वेचले होते. आपल्या गोगलगाईचे मूळ स्थान अमेरिकेतील फ्लॉरिडाचा उष्ण किनारा. ती दिवसा खडकाच्या फटीत दडून राहते आणि रात्री बाहेर पडते. तिचे अन्न एकच : ऐप्टेशिया. दुसरे काही ती खात नाही. पाण्यातील शेवाळ नाही, प्रवाळ नाही, माशांचे खाद्यही नाही. ऐप्टेशिया मिळाली तर ती जगते, नाही मिळाली तर उपाशी मरते.

समुद्रपुष्पाच्या विषारी डंखांचे ती काय करते, हे तर नवलच आहे. भक्ष्याबरोबर ती त्याच्या दंशकोशिकाही गिळते. त्यांतील कित्येक न फुटता तिच्या पोटातून पाठीवरील उपांगांच्या टोकांपर्यंत पोहोचतात आणि तेथे साठविल्या जातात. पुढे कोणी माशाने तिला तोंड लावले, तर त्याला त्याच डंखाचा प्रसाद मिळतो. शत्रूच्या शस्त्रागारातील शस्त्रे लुटून आपल्या किल्ल्याच्या तटावर चढवावीत, तसेच हे. भरपेट जेवलेल्या गोगलगाईची उपांगे तपकिरी दिसतात, कारण ऐप्टेशियाच्या शरीरातील सूक्ष्म शैवालही त्यांत उतरलेले असते. उपासमार झाली की तीच उपांगे फिकट पडतात. पाळणाऱ्याला तिची भूक तिच्या रंगावरूनच कळते.

या गोगलगाईला माणसाच्या हाती देण्याचे श्रेय प्रयोगशाळांना आहे. १९९० साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रयोगशाळेत तिच्या पिढ्या वाढविण्याची रीत आणि तिचा जीवनक्रम प्रसिद्ध केला. त्या वेळी तिला दुसऱ्याच एका जातीच्या नावाने ओळखीत. ती स्वतंत्र जात असल्याचे २००५ साली स्पष्ट झाले आणि तिला आजचे जातिनाम मिळाले. नावाचा हा घोळ क्षुल्लक वाटेल; परंतु जीवाकडून जीवाचा बंदोबस्त करावयाचा असेल, तर नाव चुकणे किती महाग पडते, हे आपण पुढे पाहू.

समुद्रातील बहुतेक गोगलगाईंची पैदास टाकीत करणे फार अवघड असते. अंड्यातून बाहेर पडलेले डिंभ कित्येक आठवडे पाण्यावर तरंगत राहतात, त्यांना सूक्ष्म शैवालाचे विशिष्ट अन्न लागते, आणि तेवढ्या काळात त्यांतील बहुतेक मरतात. बर्गियाच्या बाबतीत ही अडचण जवळजवळ नाही. तिच्या अंड्यात पुरेसा पोषक साठा असतो. त्यामुळे डिंभाची अवस्था अल्पकाळात आटोपते आणि इवलीशी गोगलगाय लवकरच तळावर सरपटू लागते. शिवाय ती उभयलिंगी आहे. कोणत्याही दोन प्रौढ गोगलगाई एकत्र आल्या म्हणजे दोघीही अंडी घालू शकतात. अंड्यांची पांढरी सुतासारखी लड त्या वाटोळ्या वेटोळ्यात काचेला चिकटवितात. एका लडीत शेकडो अंडी असतात. सुमारे बारा दिवसांत पिले बाहेर येतात आणि दोन महिन्यांच्या आत ती स्वतः अंडी घालू लागतात.

म्हणजे पैदास करणे सोपे झाले, असे आपल्याला वाटेल. तसे नाही. खरी मेख येथेच आहे. या गोगलगाईला एकच अन्न चालते, आणि ते अन्न कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून ज्याला बर्गिया वाढवावयाची आहे, त्याला प्रथम ऐप्टेशियाचे शेत लावावे लागते! ज्या तणाला सारे जग शिव्या देते, त्याचीच तो वेगळ्या टाकीत निगराणी करतो, त्याला खाऊ घालतो, ते फोफावले की आनंदतो. त्याच्या खाद्यासाठी आर्टेमिया नावाच्या सूक्ष्म जीवांची पिले वापरतात. हे जीव अतिशय खारट पाण्यात राहतात. पेडण्यातील आगरवाड्याची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना असे पाणी म्हणजे काय हे सांगावयास नको. आर्टेमियाची वाळलेली अंडी वर्षानुवर्षे टिकतात आणि मिठाच्या पाण्यात घातली की साधारण एका दिवसात फुटतात.

अशा रीतीने एक साखळी उभी राहते. आर्टेमियावर ऐप्टेशिया, ऐप्टेशियावर बर्गिया. यांतील एक कडी तुटली की पुढची सारी गळून पडते. गोगलगाई फार झाल्या तर त्या ऐप्टेशियाचा फडशा पाडतात आणि मग स्वतः मरतात. ऐप्टेशिया फार झाली तर पाणी नासते. पैदासकाराचे सारे कौशल्य या दोहोंचे प्रमाण राखण्यात आहे. आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर पडते. मृगाच्या सरींनंतर तेरेखोल आणि शापोरा नद्यांच्या मुखाशी समुद्राचे पाणी गोडावते. ते तसेच टाकीत भरले तर हे नाजूक जीव तग धरीत नाहीत. म्हणून क्षारता मोजून, हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार राहील असे पाणी तयार करावे लागते.

आता या गोगलगाई टाकीत सोडावयाच्या कशा? एक-दोन सोडून भागत नाही, कारण त्यांना एकमेकींचा सहवास हवा आणि संतती हवी. रात्री दिवे मालवून, पंप थोडा वेळ बंद करून, नळीने अलगद त्यांना ऐप्टेशियाजवळ ठेवतात. पंपाच्या तोंडाला जाळी बसवितात, नाहीतर राखणदार आधी पंपात खेचला जावयाचा. टाकीत गोगलगाई खाणारे मासे, खेकडे किंवा कोळंबी असतील, तर हा सारा खटाटोप व्यर्थ. इतके करूनही पहिले काही आठवडे काहीच घडत नाही असे वाटते. मग दुसरी पिढी येते, तिसरी येते, आणि एके दिवशी मालकाच्या ध्यानात येते की समुद्रपुष्पे विरळ झाली आहेत. चुन्याची पिचकारी जेथे पोहोचली नव्हती, तेथे गोगलगाईचे पिलू पोहोचलेले असते.

आणि त्यानंतर? शेवटचे समुद्रपुष्प संपले की राखणदारांची उपासमार सुरू होते. जाणते हौशी त्यापूर्वीच त्यांना बाहेर काढून दुसऱ्या गरजू गृहस्थाच्या टाकीत पाठवितात. काम संपल्यावर स्वतःहून निघून जाणारा चाकर मिळणे कठीण असते. बर्गिया असा चाकर आहे. तिची मोठी योग्यता तिच्या खादाडपणात नाही, तिच्या आवडीच्या अरुंदपणात आहे.

ही गोष्ट विसरल्यामुळे जगात अनर्थ घडले आहेत. पॅसिफिक महासागरातील मूरेआ बेटावर आफ्रिकेतील राक्षसी गोगलगाईंनी शेतीची नासाडी मांडली होती. त्यांच्या बंदोबस्तासाठी १९७७ साली तेथे दुसरी एक मांसाहारी गोगलगाय आणून सोडण्यात आली. तिने राक्षसी गोगलगाई सोडून दिल्या आणि बेटावरील पार्टुला नावाच्या लहान, निरुपद्रवी, जगात अन्यत्र कोठेही नसलेल्या गोगलगाई खाण्यास आरंभ केला. दहा-बारा वर्षांत रानातून त्या जवळजवळ नाहीशा झाल्या. संशोधकांनी थोड्या वाचवून लंडन आणि इतर ठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांत त्यांच्या पिढ्या जगविल्या, म्हणून २०१५ पासून त्यांना बेटावर परत सोडण्याचा प्रयत्न तरी करता आला. तेथेही गोगलगाय, येथेही गोगलगाय. फरक एवढाच, की एकीला सर्व काही चालत होते आणि दुसरीला एकच घास चालतो.

नाव चुकल्याने काय होते, याचे उदाहरण केरळात घडले. तेथील भातशेते आणि कालवे साल्व्हिनिया नावाच्या तरंगत्या परदेशी तणाने भरून गेले होते. होड्या चालेनात, पाणी दिसेना. आरंभी या तणाला दुसऱ्याच जातीचे समजून त्या जातीवरील कीटक निरनिराळ्या देशांत सोडले गेले, आणि यश आले नाही. १९७२ साली ही जात वेगळी असल्याचे ठरले. तिचे मूळ ब्राझीलमध्ये सापडले, आणि तेथेच तिला खाणारा योग्य सोंडकिडाही सापडला. १९८० च्या दशकात तो केरळात सोडल्यावर काही वर्षांतच मैलोगणती पाणी मोकळे झाले.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण गाजरगवताचे. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची प्रथम नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. १९८३ साली त्याचा भक्षक भुंगेरा मेक्सिकोहून बंगळूरला आणून, परीक्षा घेऊन, दुसऱ्या वर्षी सोडण्यात आला. पुढे काही ठिकाणी तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला, तेव्हा त्याचे वाटप थांबवून चौकशी करण्यात आली. सूर्यफुलाला त्याच्यापासून खरा धोका नाही, असा निर्वाळा मिळाल्यावरच काम पुढे गेले. हे थांबणे आणि तपासणे मला त्या भुंगेऱ्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

डिचोली महालाला समुद्र नाही. परंतु मये किंवा नार्वे येथील बागाइतदाराचे माड गेंड्या भुंगा पोखरतो, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न असतो. या भुंग्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. त्या खड्ड्यात अळ्यांना रोगी करणारी हिरवी बुरशी मिसळण्याची रीत कृषिशास्त्रज्ञांनी शिकविली आहे. तेथेही धीर लागतो, तेथेही सहायक जीव ताजा आणि जिवंत मिळावा लागतो, आणि तेथेही त्याच खड्ड्यात जालीम औषध ओतून सहायकाला मारून टाकण्याचा मोह आवरावा लागतो.

शेवटी एक कळकळीची सूचना. ज्यांच्या घरी समुद्राच्या पाण्याची टाकी आहे, त्यांनी तिचे पाणी, त्यातील खडक किंवा नकोसा झालेला जीव नदीत, खाडीत वा समुद्रात कधीही टाकू नये. बर्गिया आपल्या समुद्राची नाही. काचेच्या चार भिंतींत ती गुणी चाकर आहे. मोरजीच्या किंवा केरीच्या पाण्यात तिला जागा नाही. केरळातील अष्टमुडी सरोवरात अमेरिकेकडील एक परका शिंपला घुसल्याचे शास्त्रज्ञांनी २०१९ साली नोंदविले, आणि तेथील खाद्य शिंपल्यांच्या जागा तो बळकावू लागला. आपल्या खाड्यांतील तिसऱ्या आणि शिनाणे यांवर किती घरांची चूल अवलंबून आहे, हे आपणांस मी सांगावयास नको. परका जीव देशात आणावयाचा तर तो सरकारी परवानगीनेच आणावा. आणि आपल्या समुद्रातील प्रवाळाला तर हातच लावू नये. २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे, म्हणजे वाघाला आहे तेवढेच संरक्षण त्याला आहे.

काट्याने काटा काढावा, असे आपले वाडवडील सांगत आले. ते खरेच आहे. परंतु काटा काढणारा काटा कोणता, तो किती खोल जाईल, आणि काम झाल्यावर तो कोठे ठेवावयाचा, याचा विचार ज्याने आधी केला, त्याच्याच पायाला आराम पडतो. पुढच्या ओहोटीला हरमलच्या खडकांत गेलात आणि खळग्यातले ते मिटणारे फूल दिसले, तर त्याला तेथेच राहू द्या. तेथे ते तण नव्हे. तेथे ते आपल्या घरी आहे.